जन्मदात्या आईचा शोध लागला, आणि आधीच ताणलेले घर आणखी दुरावले

उंबरठा

नमस्कार. हा प्रश्न इथे मांडावा की नाही, याचा मी तीन आठवडे विचार करत होते. माझे वय ३६ आहे. मी चार महिन्यांची असताना आई-बाबांनी मला दत्तक घेतले. ही गोष्ट मला नवव्या वर्षी कळली, तीही त्यांच्याकडून नव्हे, तर मोठ्यांच्या एका भांडणात कुणाच्या तरी तोंडून निघून गेली म्हणून. बाबांना ती मला लहानपणीच सांगायची होती आणि आईला कधीच सांगायची नव्हती, हे पुढे समजले. त्यावरून दोघांमध्ये जी अढी बसली, ती शेवटपर्यंत सुटली नाही. माझ्यानंतर चार वर्षांनी भाऊ झाला, तो त्यांच्या पोटचा. आम्हा दोघांत आई-बाबांनी कधी डावे-उजवे केले नाही, हे मी मनापासून सांगते. पण आमच्या घरात 'दत्तक' हा शब्द कधी उच्चारला गेला नाही. जो शब्द उच्चारायचा नाही त्याला वळसा घालत सगळे घर कसे वावरते, हे अशा घरात वाढलेल्यांना सांगावे लागणार नाही.

बाबा पाच वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या आजारपणात कुणी किती केले यावरून माझे आणि भावाचे बिनसले. आई त्याच्याकडे राहते, मी जाऊन-येऊन असते. गेल्या वर्षी माझ्या एका तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी विचारले, "तुमच्या आईला किंवा मावशांना असा त्रास होता का?" आई शेजारच्याच खुर्चीवर बसली होती. मी "माहीत नाही" असे म्हणाले. आई काही बोलली नाही, तिने फक्त मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून ठेवली. त्याच महिन्यात मी ज्या संस्थेतून आले होते तिथे मूळ शोधासाठी रीतसर अर्ज केला, आणि आईला सांगितले नाही.

सात महिन्यांनी संस्थेतून कळवण्यात आले की जन्मदात्या आई भेटायला तयार आहेत. मला सोडताना त्यांचे वय वीस होते. पुढे त्यांचे लग्न झाले, त्यांना दोन मुलगे आहेत, आणि घरात कुणालाही माझ्याविषयी माहिती नाही. आम्ही संस्थेच्या कार्यालयात भेटलो. पहिली दहा मिनिटे दोघींनाही बोलता आले नाही. मग त्यांनी विचारले, "दूध पचायला लागलं का गं तुला नंतर?" त्यांच्याजवळ असताना मी दूध उलटायचे म्हणे. मला उत्तर देता आले नाही, कारण मला ते ठाऊकच नव्हते.

त्यानंतर आमचे अधूनमधून फोनवर बोलणे होऊ लागले. दोन महिन्यांनी मी आईला सारे सांगितले. तिच्या रडण्याची आणि रागावण्याची मी तयारी ठेवली होती. आई उठली, आतल्या खोलीत गेली, कपाटातून एक निळी फाईल घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "हे आता तुझ्याकडेच राहू दे." त्या फाईलमध्ये न्यायालयाचा आदेश आहे, माझा संस्थेतला फोटो आहे आणि बाबांच्या अक्षरातली एक लहान वही आहे. मी घरी आल्यानंतरच्या महिन्याभराच्या नोंदी तीत आहेत: किती वाजता झोपले, किती वाजता रडले, ताप किती. पहिलीच नोंद 'रात्री २.१०, दूध उलटले' अशी आहे. त्या दिवसापासून आई माझ्याशी जेवलीस का, निघालीस का, याखेरीज बोललेली नाही. भाऊ म्हणाला की आईला गरज असतानाच तुला दुसरी आई सुचली, आणि आता वाटणीच्या वेळी तू कोणत्या घरची म्हणून उभी राहणार ते एकदा सांग.

इकडे जन्मदात्या आईंच्या मोठ्या मुलाला त्यांच्या फोनवर माझे निरोप दिसले. त्यांनी काय उत्तर दिले ते मला माहीत नाही. "काही दिवस फोन करू नकोस" एवढाच त्यांचा शेवटचा निरोप आहे आणि त्याला आता सहा आठवडे झाले.

मी शोध घेतला हे चुकले का? आईशी बोलायला सुरुवात कुठून करू? आणि त्यांची वाट पाहत थांबू, की आपण होऊन पुन्हा विचारू? ज्यांनी हे अनुभवले आहे त्यांनी लिहावे, ही विनंती.

जुने टपाल

मी दत्तक संस्थेत समाजसेविका म्हणून बावीस वर्षे काम केले आणि मूळ शोधाचे अर्ज माझ्याच टेबलावर येत असत, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

आपण शोध घेतला यात काहीही चुकले नाही. आपले मूळ जाणून घेण्याची ओढ ही कृतघ्नता नाही, हे जगाने हळूहळू मान्य केले आहे. स्कॉटलंडमध्ये १९३० पासूनच सतरा वर्षांवरील दत्तक व्यक्तीला तिचा मूळ जन्मदाखला पाहता येत असे. इंग्लंड आणि वेल्समध्ये तो हक्क १९७५ च्या कायद्याने मिळाला. मात्र त्याआधी दत्तक गेलेल्यांनी दाखला घेण्यापूर्वी समुपदेशकाला भेटणे तिथे सक्तीचे ठेवले होते, कारण त्या काळच्या मातांनी मूल देताना हे कधी उघड होणार नाही असे गृहीत धरलेले होते. बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारात शक्य तेवढे आपले आई-वडील जाणून घेण्याचा हक्क सातव्या कलमात आहे. देशांतर्गत नव्हे तर दोन देशांमधल्या दत्तकविधानाविषयीच्या १९९३ च्या हेग कराराचे तिसावे कलम सांगते की मुलाच्या मुळाची माहिती जपून ठेवावी आणि ती योग्य मार्गदर्शनाखाली मिळू द्यावी. 'मार्गदर्शनाखाली' हा शब्द तिथे उगीच आलेला नाही. माहिती मिळणे आणि ती पेलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याला पहिलीत मदत मिळाली पण दुसरीत कुणी सोबत राहिले नाही, असे आपले लिखाण वाचून वाटते.

भारतातल्या २०२२ च्या दत्तक नियमावलीनुसार अठरा वर्षांवरील दत्तक व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते, तिच्या वतीने तिसऱ्याला शोध घेता येत नाही, आणि जन्मदात्या पालकांनी गोपनीयता मागितली असेल तर त्यांची संमती घ्यावी लागते. त्यांनी नकार दिला किंवा त्यांचा शोधच लागला नाही, तर मूल कोणत्या परिस्थितीत सोडले गेले एवढे तरी सांगितले जाते. आपला हक्क खरा आहे, पण तो त्यांच्या गोपनीयतेच्या दारापाशी थांबतो. त्यांनी आपल्याला भेटायला संमती दिली. आपल्या मुलांना सांगायला त्यांनी संमती दिलेली नाही, आणि त्या घरातल्या कुणाशीही आपण होऊन संपर्क करणे हे त्यांच्या वतीने ती संमती देऊन टाकण्यासारखे होईल. थोरल्या मुलाने आपल्याला निरोप पाठवला तरी "याविषयी तुमच्या आईंशीच बोलावे" यापलीकडे उत्तर देऊ नये.

आता भावाचा प्रश्न. तो रागात बोलला असेल, पण वाटणीची भीती मनात राहिली तर घर आतून पोखरते, म्हणून ती कागदावरच दूर करावी. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या बाराव्या कलमानुसार दत्तक झाल्या दिवसापासून मुलाचे जन्मघराशी असलेले नाते कायद्याच्या दृष्टीने तुटते आणि दत्तक घराशी जुळते. पंधराव्या कलमानुसार वैध दत्तक रद्द करता येत नाही, पालकांना नाही आणि मुलालाही नाही. जन्मदात्या आई भेटल्याने यातले अक्षरही बदलत नाही. आपण ज्या घरच्या होतात त्याच घरच्या आहात. आपल्या फाईलमधला आदेश कोणत्या कायद्याखाली झाला आहे ते एकदा वकिलाला दाखवून घ्या, आणि जे कळेल ते भावाला शांतपणे दाखवा.

आणखी एक. तब्येतीची माहिती हवी असेल तर त्यासाठी भेटीची वाट पाहण्याची गरज नाही. संस्थेच्या समाजसेविकेमार्फत पाच-सहा नेमके प्रश्न लेखी पाठवता येतात. माझ्या अनुभवात ज्या माता बोलू शकत नसत, त्यांतल्या काही अशा कागदावर सविस्तर उत्तरे लिहीत. एकीने तर आपल्या आजीच्या दम्यापर्यंत सगळे लिहून पाठवले आणि खाली सही करायचे टाळले.

धाकटा

मी आपल्या भावाच्या जागी होतो. माझी बहीण दत्तक आहे आणि तिने तिच्या जन्मदात्या आईला शोधले तेव्हा मीही पैशांवरूनच बोललो होतो. माझ्या मनात पैसे नव्हते. पैशांचे बोलणे सोपे असते एवढेच. मला भीती वाटत होती की ही आता तिकडे जाईल आणि म्हाताऱ्या आईसमोर मी एकटा उरेन. वडिलांच्या वेळी काय काय वाट्याला येते ते मी पाहिले होते, आणि ते एकट्याने पुन्हा करण्याच्या कल्पनेने माझी झोप उडाली होती. हे कबूल करायला मला दोन वर्षे लागली.

एक गोष्ट मात्र मी स्पष्ट लिहितो, कारण आपण विचारले आहे. शोध घेणे चुकले नाही, पण ते आईपासून नऊ महिने दडवणे चुकले. ज्या घराने तुमच्यापासून एक गोष्ट दडवून ठेवली आणि त्याचा तुम्हाला एवढा त्रास झाला, त्याच घरात तुम्ही तेच केलेत. भावाला पत्र लिहा. त्यात वाटणीविषयी एक ओळ पुरे. बाकीचे आईच्या औषधांविषयी, तिला रुग्णालयात कोण नेणार, कोणते दिवस तुमचे आणि कोणते त्याचे, याविषयी लिहा. तुम्ही कुठे जात नाही आहात हे त्याला त्यातून कळेल.

एक दत्तक आई

वरच्या लेखकांनी चूक दाखवली ती बरोबर आहे, पण मला आपल्या आईच्या बाजूने लिहायचे आहे, कारण ती स्वतः इथे येऊन लिहिणार नाही.

'हे आता तुझ्याकडेच राहू दे' हे वाक्य आपण दुरावा म्हणून ऐकले. मी ते तीनदा वाचले. तिने फाईल शोधली नाही, ती उठली आणि घेऊन आली. छत्तीस वर्षांत घरे बदलली असतील, कपाटे बदलली असतील, पती गेले, ती मुलाकडे राहायला आली, आणि तरी ती फाईल कुठे आहे हे तिला अंधारातही सांगता आले असते. जी बाई तो शब्द उच्चारू देत नव्हती, तिनेच त्याचा एकूण एक कागद जपला. माझ्याकडेही अशी फाईल आहे. माझ्या मुलाने ती मागितली तर मी देईन, पण ती देताना माझे हात थरथरतील, आणि त्या क्षणी माझ्याकडून कदाचित असेच कोरडे वाक्य निघेल.

आमच्या पिढीतल्या आयांना न सांगण्याचाच सल्ला मिळत असे. डॉक्टर, वडीलधारे, शेजारी, सगळे म्हणत की पोटच्यासारखे वाढवा आणि विसरून जा. कॅनडातले समाजशास्त्रज्ञ एच. डेव्हिड कर्क हे स्वतः दत्तक पालक होते. त्यांनी १९६४ मध्येच मांडले होते की जी कुटुंबे दत्तकाचा वेगळेपणा नाकारत राहतात त्यांच्यापेक्षा तो मोकळेपणाने मान्य करणाऱ्या कुटुंबांमध्ये संवाद अधिक चांगला राहतो. हा विचार माझ्यापर्यंत पोहोचला तेव्हा माझा मुलगा अकरा वर्षांचा होता. आपल्या आईपर्यंत तो कदाचित पोहोचलाच नाही, आणि आपल्या बाबांना जे आपसूक कळले होते ते तिला मान्य करता आले नाही, कारण मान्य करणे म्हणजे आपण कमी आई आहोत असे कबूल करणे, असे तिला वाटत राहिले असावे. डॉक्टरांसमोरचे आपले 'माहीत नाही' तिला केवढ्याला पडले असेल, याचा विचार करावा. आपण खरे तेच बोललात. तरीही तीस-पस्तीस वर्षे ज्या प्रश्नाची ती वाट चुकवत आली, तो तिच्यासमोर एका परक्या माणसाने विचारला आणि त्याचे उत्तर तिच्याजवळ नव्हते.

आणखी एक गोष्ट मला आपल्या लिखाणात दिसली, ती आपल्या लक्षात आली आहे का ते माहीत नाही. आपण जन्मदात्या आईंना 'त्या' म्हणता आणि आईला 'ती'. बोलतानाही त्यांना 'तुम्ही' म्हणत असाल आणि आईला 'तू'. हे तिला ठाऊक आहे का? तिच्या डोळ्यांसमोर बहुधा असे चित्र असेल की आपण कुणा दुसरीच्या गळ्यात पडून 'आई' म्हणता आहात. आपण तिला तुलना करून समजावू नका, 'तूच माझी खरी आई' असेही म्हणू नका, कारण 'खरी' म्हटले की 'खोटी' मागे उभी राहते. त्या फोनवर काय बोलणे होते, त्यांना काय म्हणून हाक मारता, कोणत्या गोष्टी त्यांना सांगता आल्या नाहीत, हे सरळ सांगा.

आणि ती फाईल आपल्या घरी ठेवू नका, असे मी सुचवते. परत घेऊन जा. कागद म्हणून नव्हे, त्यातली वही तिच्याबरोबर वाचायची आहे म्हणून. बाबांनी लिहिलेल्या त्या महिन्याची दुसरी साक्षीदार तीच आहे.

मधली वाट

मीही दत्तक आहे. माझा शोध संस्थेमार्फत नव्हे तर डीएनए चाचणीतून लागला, आणि त्यात माझ्याकडून जे झाले ते सांगते, म्हणजे आपण त्या वाटेला जाणार नाही.

अशा चाचणीत आई आणि मुलाचा निम्मा जनुकीय वारसा जुळतो, एकाच आईच्या किंवा एकाच वडिलांच्या सावत्र भावंडांचा सुमारे २५ टक्के, आणि चुलत-मावस भावंडांचा साडेबारा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ज्या व्यक्तीला तुम्ही शोधत आहात तिने चाचणी केलेली नसली, तरी तिच्या घरातल्या दुसऱ्या कुणी केली असेल तर नाते उघडे पडते. माझ्या बाबतीत तसेच झाले. माझ्या जन्मदात्या आईला पत्र पोहोचण्याआधी तिच्या मुलाला त्याच्या पडद्यावर 'जवळचे नातेवाईक' म्हणून माझे नाव दिसले, आणि त्याने ते रात्री सर्वांसमोर विचारले. तिला आयुष्यात एकदाच स्वतःच्या शब्दांत सांगण्याची संधी होती, ती माझ्या घाईने गेली. ती नंतर दीड वर्ष माझ्याशी बोलली नाही. मी त्याला नकार म्हणत राहिले. खरे म्हणजे तिचे घर पेटले होते आणि ती ते विझवत होती.

सहा आठवडे तुम्हाला फार वाटत आहेत, कारण भेटीनंतरचे पहिले काही महिने असेच असतात. रोज बोलावेसे वाटते, हातांची बोटे जुळतात का ते पाहावेसे वाटते, आणि मग एक बाजू एकाएकी मागे सरते. बहुतेक वेळा ती बाजू आईची असते. तिचे दुःख तिने वीस वर्षांची असताना जिथे ठेवले होते तिथेच आहे, आणि तुम्हाला पाहिल्यावर तिला ते त्या वयापासून पुन्हा चालत यावे लागते. पॉलीन बॉस या अमेरिकी अभ्यासक बाईंनी अशा वियोगाचा विचार मांडला आहे, ज्यात माणूस गेलेलेही नसते आणि जवळही नसते, त्यामुळे रडून मोकळे होण्याची वेळच येत नाही. तुमच्या तिघींच्याही वाट्याला हेच आले आहे, तुमच्या आईलासुद्धा, असे मला वाटते.

फोन करू नका. संस्थेत एक पत्र ठेवा. चार ओळींचे, ज्यात एकही प्रश्न नसेल. 'मी बरी आहे, तुम्ही सांगितल्याप्रमाणे फोन करत नाही, तुमच्या घरात कुणाशीही बोललेले नाही आणि बोलणार नाही, पुढचा शब्द तुमचा.' त्यांना कळेल की गुपिताच्या दोऱ्या त्यांच्याच हातात आहेत.

नाव नको

मी कधीच इथे लिहीत नाही. मी ती दुसरी बाई आहे, म्हणजे मूल दिलेली. माझी मुलगी अजून आलेली नाही, येईल की नाही माहीत नाही.

एवढेच सांगायचे आहे की 'फोन करू नकोस' याचा अर्थ 'येऊ नकोस' असा लावू नये. आम्हाला त्या वयात कुणी विचारले नव्हते, सगळे आमच्या डोक्यावरून ठरले होते. त्यामुळे एखादी गोष्ट पुन्हा आमच्या हातून सुटून दुसऱ्यांच्या हातात जाते आहे असे दिसले की आम्ही गप्प होतो, तेवढेच येते आम्हाला. त्यांनी दुधाचे विचारले, यावरून मी सांगते की त्या रोज आठवण काढत असणार. मला माझ्या मुलीच्या डाव्या कानामागचा तीळ आठवतो. तो अजून आहे का, हे विचारण्यासाठी मी काहीही देईन. त्यांना त्यांचे उत्तर जमेल तेव्हा कळवा. संस्थेतून कळवले तरी चालेल.

उंबरठा

सर्वांचे उत्तर वाचले, काही उत्तरे पुन्हा पुन्हा वाचली. 'धाकटा' यांनी लिहिले ते वाचून आधी राग आला, मग दोन दिवसांनी मी भावाला पत्र लिहायला बसले. वकिलांनी आदेश पाहून जे सांगितले ते त्यात एका ओळीत लिहिले आणि उरलेल्या दीड पानात आईच्या तपासण्यांच्या तारखा लिहिल्या. त्याचा फोन आला, बोलणे फार झाले नाही, पण गुरुवार आणि रविवार माझे असे ठरले. संस्थेत चार ओळींचे पत्र देऊन आले आहे. तिकडून अजून काही कळलेले नाही.

आणि काल गुरुवार होता, म्हणून मी फाईल घेऊन गेले. आईने ती माझ्या हातात पाहिली आणि तिचा चेहरा आक्रसला. मी म्हणाले की बाबांचे अक्षर मला लागत नाही, तू वाचून दाखवशील का. ते खोटे होते, बाबांचे अक्षर छापल्यासारखे आहे, आणि ते तिलाही माहीत आहे. तिने चष्मा लावला. पहिली नोंद तिने मनातच वाचली आणि म्हणाली, "लिहिलंय त्यांनी, पण जागी मी होते. मी घड्याळ बघून वेळ सांगायचे आणि ते अंथरुणात पडल्या पडल्या लिहायचे." मग तिने पुढची पाने एकेक करून वाचली. मधेच दोन ठिकाणी बाबांनी ताप चुकीचा लिहिला आहे असे म्हणून तिने दुरुस्ती सांगितली, आणि मी ती पेन्सिलीने शेजारी लिहिली.

मी तिला सांगितले की त्यांना मी 'तुम्ही' म्हणते आणि हाक कशी मारावी ते मला अजून सुचलेले नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही. वही मिटताना तिने विचारले, "त्यांनी काही विचारलं का, तुझ्या लहानपणचं?"

मी म्हणाले, "दूध पचायला लागलं का, असं विचारलं."

आईने वही पुन्हा उघडली, मागून चौथे पान काढले आणि एका ओळीवर बोट ठेवले. "सव्विसाव्या दिवशी," ती म्हणाली. "सांग त्यांना."